उजेडाच्या पाण्यात ब्राह्मणपारा

किस्से साठवायला जागा लागत नाही असं म्हणणाऱ्याने माझं गोडाऊन पाहिलेलं नाही. तिथं लग्नाच्या लायटिंगच्या माळा पडलेल्या असतात. एक माळ काढायला जावं तर तिच्यात अडकून दुसरी येते, दुसरीत तिसरी, आणि शेवटी कोणाच्या तरी वरातीतला विझलेला मोर बाहेर निघतो. आमच्या चहाच्या टपरीवरचे किस्से अगदी तसेच. मी एक सांगायला बसतो आणि घरी जेवण थंड होतं.

मी लायटिंगवाला. आठवीपर्यंत शाळा, पुढचं शिक्षण विजेच्या खांबावर. सगळे नाना म्हणतात. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, रोज सकाळी टपरीवर आम्ही तिघं बसतो. मी, बापू आणि वसंतराव. बापू रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झाला. वसंतराव आधी साधे बाबू होते. मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, मंत्रालयात खुर्च्या जास्त आणि माणसं कमी अशी वेळ आली, आणि वसंतराव साहेब झाले. राज्य आपल्यासाठीच काढलं होतं, असं ते अजूनही मनातल्या मनात धरून आहेत.

तर एका हिवाळ्यात आमची ही टोळी अंदमानला गेली. तिथं एका खाडीत अंधार पडला की पाणी चमकतं. हात घातला की निळा उजेड. कयाक म्हणून एक चिंचोळी, दोघांपुरती नाव असते, ती आपणच वल्हवत जायची आणि तो उजेड पाहायचा. ब्राह्मणपाऱ्यातून असं कोणी कधी गेलं नव्हतं. आमची हकीकत ऐकल्यावर पुढेही कोणी जाईलसं वाटत नाही.

* * *

आधी बापूच्या घरचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती सुरू होती. बापूची बायको, सुलभावहिनी, आरत्या पाठ असलेली बाई. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. लोक प्रसादाकडे पाहून राहिले होते. बापूच्या हातात माईक होता आणि तो बंद आहे असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "सुलभा, आवर आता. लोकं प्रसादासाठी उभे आहेत, तुझ्या गाण्यासाठी नाही."

हे वाक्य पुरानी बस्तीपर्यंत ऐकू गेलं. साउंड माझा होता, त्यामुळे क्लिअर गेलं. माईक माझा, पण तोंड त्याचं.

वहिनींनी आरतीचं ताट खाली ठेवलं, बापूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर त्या बापूशी बोलल्याच नाहीत. सगळ्या गल्लीशी बोलत, भाजीवाल्याशी भांडत, फक्त बापूशी नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरा गणपती आला. घरात त्या फ्रीजला सांगत, "साखर संपली आहे." बापू पिशवी घेऊन निघे. बापू पंख्याला सांगे, "आज खिचडी चालेल." खिचडी होई. मुलगा बंगळुरात. व्हिडिओ कॉलवर दोघं खांद्याला खांदा लावून बसत आणि मोबाईलशी गोड बोलत. पोट्टा सगळ्यांना सांगे, आईबाबांसारखं जमलं पाहिजे.

बापूने साडी आणून पाहिली, माफी मागून पाहिली. माफी ऐकून वहिनी तुळशीला म्हणाल्या, "ऐकलं मी." झालं.

एकदा टपरीवर चहात बिस्किट बुडवून धरलं आणि बापू म्हणाला, "नाना, घरात सगळं आहे बे. फक्त 'अहो' नाही."

मी म्हटलं, "मी म्हणू का?"

तो हसला नाही. बिस्किट चहात पडलं.

* * *

चारचौघांत असलं की त्यांचा पोस्टमन मी. वहिनी म्हणणार, "भावजी, यांना सांगा," आणि मी सांगणार. आता माझ्यासारख्या माणसाच्या हातात टपाल दिल्यावर काय होणार?

एका लग्नात वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांना सांगा, शर्टाची कॉलर मळली आहे, उद्या धुवायला टाका."

मी बापूजवळ गेलो आणि म्हटलं, "वहिनी म्हणून राहिल्या, या शर्टात तू लय हिरो दिसतो."

बापूने चार दिवस तोच शर्ट घातला. पाचव्या दिवशी वहिनी टपरीसमोरून जाता जाता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही काय सांगितलं ते मी विचारत नाही. पण ते आता त्या शर्टातच झोपतात."

* * *

अंदमानचं खूळ कोणी काढलं? वहिनींनीच. आमच्या मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना मोबाईलवर चमकत्या पाण्याचा व्हिडिओ दाखवला. वहिनींनी तो परत परत पाहिला आणि म्हणाल्या, "मला हे पाहायचं आहे. सोबत कोणी का असेना."

मंदाने माझ्या कानावर घातलं, मी बापूच्या मुलाच्या. त्याने बंगळुरातून लगेच दोघांची तिकिटं काढली. आपण कोणासाठी काय काढून राहिलो हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. आम्ही नवराबायकोही त्यांच्यासोबत निघालो. वसंतराव एकटेच असतात, तेही म्हणाले, "तो व्हिडिओ एडिट केलेला आहे. मी स्वतः इन्स्पेक्शन करीन."

त्यांनी आधी ट्रायल घ्यायला लावली. आपल्या बुढा तलावात पायांनी चालवायची बोट असते, तिच्यात. पुढच्या दोन सीटवर बापू आणि वहिनी, मागे मी. दोघं पायडल मारू लागले.

"भावजी, यांना सांगा, पाय हळू मारा."

"बापू, पाय हळू."

"नाना, तिले सांग, पायडल जाम आहे."

"वहिनी, पायडल जाम आहे."

काठावर बोटवाला ऐकत होता. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, इन दोनों की भाषा अलग-अलग है क्या?"

मी म्हटलं, "भाषा एकच है. सिर्फ लाइन मेरे में से जाती है."

त्याच वेळी माझ्या डोक्यात बल्ब पेटला. कयाकमध्ये तिसरी सीटच नसते.

* * *

बेटावर पोचेपर्यंत वसंतरावांनी जहाजात, रिक्षात, हॉटेलात, जो भेटेल त्याला एकच सांगितलं, "हम कैपिटल से आए हैं." लोकांना वाटे दिल्ली. ते आणखी एक गादी देत. वसंतराव खुलासा करत नसत.

संध्याकाळी खाडीच्या काठावर आमची गाईड आली. अनिता दीदी. तिशी-पस्तिशीची, दंड आमच्या वल्ह्यांपेक्षा जाड. नावेत कसं बसायचं, लाईफ जॅकेट कसं बांधायचं, सगळं तिनं सांगितलं. मी विचारलं, "दीदी, डूबेंगे तो नहीं?"

ती म्हणाली, "हव, नहीं डूबेंगे."

आमचे कान उभे राहिले. होकाराचा हा 'हव' म्हणजे आपल्या घरचा माल. समुद्राच्या मधोमध तो कुठून आला? मी लगेच छत्तीसगडीत विचारलं, तुमचं गाव कोणतं.

"मोर बबा जशपुर कोती ले आय रिहिस," ती म्हणाली. आजोबा जशपूरकडून जंगलकामाला आले होते, ते इथंच राहिले. तिनं तो मुलूख कधी पाहिला नव्हता, पण बोली जपली होती. मंदाने तिला डब्यातला चिवडा दिला. माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

वसंतराव पुढे सरसावले. "बेटा, फिर तो तुम हमारे ही राज्य की हो. हम वहीं कैपिटल से आए हैं."

दीदीचा चेहरा उजळला. "अरे, आप लोग भोपाल से हैं?"

आजोबांनी गाव सोडलं तेव्हा राज्य जुनंच होतं, राजधानी भोपाळच होती. नातीपर्यंत तीच बातमी आली होती. वसंतरावांनी लाईफ जॅकेटचा पट्टा आवळला. त्यांचं अख्खं प्रमोशन पाण्यात गेलं होतं, आणि आम्ही अजून नावेत बसलोही नव्हतो.

* * *

आता जोड्या. हे काम मी दीदीला आधीच बाजूला घेऊन करून ठेवलं होतं. म्हटलं, "वो जो दोनों चुपचाप बैठे हैं ना, उनकी शादी की सालगिरह है. उनको एक नाव में देना, और हमारी नाव से ज़रा दूर."

सालगिरह कधी होती देवाला ठाऊक. पण दीदी हरखली. तिनं वसंतरावांना स्वतःच्या नावेत घेतलं, मला आणि मंदाला दुसरी दिली आणि तिसरीकडे बोट करून म्हणाली, "आंटी आगे, अंकल पीछे. अँधेरे में पीछे वाले को कुछ नहीं दिखता. आगे वाला देखेगा और बोलेगा, पीछे वाला मोड़ेगा. बोलते रहना पड़ेगा, नहीं तो झाड़ में घुस जाओगे."

वहिनींनी दीदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी आकाशातले तारे पाहून राहिलो होतो.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "हे तुमचं काम आहे."

"वहिनी, मी तं आठवी शिकलेला माणूस," मी म्हटलं. "मले काय समजते."

बापूचं तोंड परीक्षेच्या हॉलमध्ये सोडलेल्या पोट्ट्यासारखं झालं होतं. मला हळूच म्हणाला, "नाना, तिनं नाहीच सांगितलं तं?"

"तं झाडात घुस."

"अन् ती परत चिडली तं? होतं तेवढंही जाईन बे."

"होतं काय तुझ्याजवळ? फ्रीज अन् पंखा."

बापू जाऊन मागे बसला. वहिनी आधीच पुढे ताठ बसल्या होत्या. चमकतं पाणी पाहायला त्या एवढ्या दूर आल्या होत्या, आता माघार घेणार नव्हत्या.

* * *

आणि मग ते पाणी.

खाडीच्या दोन्ही बाजूंना खारफुटीची झाडं, त्यांची मुळं पाण्यात पाय सोडून बसलेली. चंद्र नव्हता. दीदीनं टॉर्च बंद केला आणि म्हणाली, "अब हाथ डालो."

मी हात घातला. बोटांतून निळ्या ठिणग्या सुटल्या. हात स्थिर धरला, विझल्या. हलवला, पेटल्या. हलवला, पेटल्या. थांबवला, गेल्या.

खरं सांगतो, पहिल्यांदा मी वायर शोधली. नावेखाली हात घालून चाचपली. आयुष्यभर मांडवात असं झालं की नवरीच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या. "नाना, तुमची माळ हलवली की लागते, सोडली की जाते." त्याला आमच्यात लूज कनेक्शन म्हणतात. आणि इथं त्याच लूज कनेक्शनसाठी लोक विमानाने येऊन राहिले होते.

वसंतरावांची नाव शेजारीच होती. त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले होते. ते सारखे हलवून उजेड पाहत होते. मला वाटलं, माणूस हलला आतून. मग त्यांनी दीदीला विचारलं, "ये रोज़ होता है?"

"हव, अँधेरा हो तो रोज़."

"संडे को भी?"

"संडे को भी."

वसंतराव माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "कायम कर्मचारी नाहीत हे. कायम असते तर रविवारी आले नसते."

* * *

आमच्या मंदाची मात्र वेगळीच तऱ्हा. महानदीच्या पुलावरून गाडी गेली की नाणं टाकायचं, शिवनाथवरून गेली की टाकायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. पाणी दिसलं की बायकांचा हात पर्सकडे जातो. मंदाने हात जोडले आणि नाणं टाकलं.

टप्. नाणं पडलं तिथं निळं फूल उमललं आणि बुडता बुडता खालपर्यंत एक निळी रेघ काढत गेलं.

मग वसंतराव म्हणाले, "चिल्लर आहे का कोणाजवळ?"

मी खिसे उलटे केले. पहिलं माझं, दुसरं वसंतरावांचं. दीदी ओरडायच्या आत चार-पाच निळी फुलं उमलली होती. "अरे, क्या कर रहे हो आप लोग, ये कोई गंगा है?"

मंदा शांतपणे म्हणाली, "बेटा, पानी तो पानी है."

"आंटी, नीचे मछली रहती है. पैसा नहीं खाती वो."

मंदाने पर्स बंद केली. पण हॉटेलात परतल्यावर मला म्हणाली, "पोरगी छत्तीसगडची नाही हो. बोली तेवढी उरली आहे."

* * *

हे सगळं होईपर्यंत बापूची नाव मागे पडली होती. अंधारात फक्त दोन काळे आकार दिसत होते, एक पुढे, एक मागे, मधात वल्ह्याचा निळा उजेड. आवाज अजिबात नाही. नाव आपली हळूहळू खारफुटीच्या मुळांकडे सरकून राहिली होती.

मंदा म्हणाली, "अहो, ते झाडात चालले. सांगा त्यांना."

मी म्हटलं, "लाइन बंद आहे."

तेवढ्यात वहिनींची हाक आली, "भावजी, यांना सांगा, समोर झाड आहे."

मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि गप्प बसलो. मंदाने माझ्या दंडाला एवढा चिमटा काढला की दुसरा कोणी असता तर नाव उलटली असती. मी हूं की चूं केलं नाही.

"भावजी?"

आम्ही तिघंही गप्प. वसंतरावसुद्धा. त्यांच्याबद्दल मी पुष्कळ वाईटसाईट बोलतो, पण त्या वेळी ते बरोबर गप्प राहिले.

वहिनींनी मग झाडाला सांगून पाहिलं. "उजवीकडे वळवली तर बरं होईल." झाडाने ऐकलं नाही. पंख्याची गोष्ट वेगळी, फ्रीजची वेगळी. झाड जवळ येऊन राहिलं होतं. बापू मागे वल्हं उचलून तसाच थांबला होता. त्याला समोर वहिनींच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं, आणि कोणीही काही सांगत नव्हतं. वल्ह्यावरून निळे थेंब गळत होते.

नाव मुळाला घासली. कर्र असा आवाज झाला. नाव कलली. वहिनींचा एक हात मागे गेला आणि त्यांनी बापूचा गुडघा धरला.

"अहो, उजवीकडे."

एवढंच. साधं, रोजचं. डाळीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

बापूने वल्हं मारलं आणि नाव डावीकडे गेली. सरळ दुसऱ्या मुळावर.

"अहो, उजवीकडे म्हटलं ना."

नाव आणखी डावीकडे.

"अहो, डावी नाही. उजवी. अहो, ऐकू येतं का?"

"येतं," बापू म्हणाला, आणि परत डावीकडे. नाव जागच्या जागी गोल फिरू लागली. तिच्याभोवती पाणी पेटलं, आधी कड्यासारखं, मग परातीएवढं, मग विहिरीएवढं. मध्ये दोघं बसलेली. वहिनी "अहो, अहो" करून सांगून राहिल्या होत्या आणि तो दर वेळी चुकून राहिला होता.

दीदी घाबरली. "अंकल, राइट. राइट. जिस हाथ से खाना खाते हो."

"हव," बापू म्हणाला, आणि डावीकडे.

वसंतराव म्हणाले, "बापू, अरे उजवा म्हणजे..." मी वल्ह्याने त्यांच्यावर पाणी उडवलं. ते निळे झाले आणि गप्प बसले.

दीदीनं शेवटी सीटखालून दोर काढला. आपली नाव जवळ नेली आणि म्हणाली, "अंकल, छोड़ो, आपसे नहीं होगा. मैं बाँध के खींच लेती हूँ."

बापूने वल्हं आडवं धरून दोर अडवला.

"रस्सी रहने दो, दीदी," तो म्हणाला. "मेरे को राइट-लेफ्ट ज़रा देर से समझता है."

"अहो, उजवीकडे."

नाव डावीकडे वळली.